किमान रक्कम भरतो, तरी कार्डाची बाकी का हलत नाही?

प्रश्न : चाकणला कंपनीत कामाला आहे. हातात पगार २४ हजार. क्रेडिट कार्डावर ६० हजार थकले आहेत. वर्षभर न चुकता दरमहा ३ हजार ‘किमान देय रक्कम’ भरतोय. अधूनमधून किराणा, रिचार्ज त्याच कार्डावर होतं. बाकी मात्र जागची हलत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचे पैसे मुद्दलापर्यंत पोहोचतच नाहीत. बऱ्याच कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. तुमचा नेमका दर बिलावर छापलेला असेल. ६० हजारांवर व्याज २,१०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३७८. म्हणजे ३ हजारांतले २,४७८ तिथेच संपले, मुद्दल उतरलं ५२२ रुपयांनी. तेवढ्याचा किराणा घेतला की पुन्हा ६० हजार. शिवाय मागचं बिल पूर्ण न भरल्याने बिनव्याजी मुदत जाते. त्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड गळ्यात मारताना हे कुणी समजावून सांगत नाही, याचा राग येतो.

आजपासून कार्डावर खरेदी बंद. ॲपमधून कार्ड काढा, आपोआप कापले जाणारे रिचार्ज थांबवा. मात्र एवढंच केलं तर ३ हजारांच्या हप्त्याने फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील.

म्हणून कामगारांच्या पतसंस्थेत किंवा पगार जमा होतो त्या बँकेत कर्जाची चौकशी करा. १४ टक्क्यांनी ६० हजारांचा २४ महिन्यांचा हप्ता साधारण २,८८१ रुपये बसतो. आता भरताय त्याच पैशांत दोन वर्षांत मोकळे व्हाल. दर घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच, आहे ना, हे नक्की विचारा. ‘सरसकट १० टक्के’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज, ऐकायला स्वस्त वाटतं, दोन वर्षांच्या कर्जाला ते सुमारे १८ टक्के पडतं. प्रक्रिया शुल्कही धरा.

कर्ज हाती येताच कार्डाची पूर्ण बाकी भरा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज येईल, तेही भरा. मग कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो : मर्यादा मोकळी दिसते, सणाला खरेदी होते आणि त्याच पगारातून दोन हप्ते जाऊ लागतात. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. पुढे उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. अर्जाची पोच जपून ठेवा.