वाचकांचे प्रश्न : घरी धातूचे विमान बांधायचे, तर अवजारे कोणती?

प्रश्न : व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचा शेपटीचा संच मागवला आहे. अवजारांचा तयार संच फार महाग पडतो. कुठे हात सैल सोडू आणि कुठे आखडू? (एक वाचक, डॅलस, टेक्सास)

उत्तर : जे अवजार रिव्हेटला (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीला) किंवा रिव्हेटच्या भोकाला थेट भिडते, ते उत्तम घ्या. बाकीचे जुने चालेल. या विमानात हजारो रिव्हेट असतात आणि त्यांतले बहुतेक दोनच मापांचे, ३/३२ इंची आणि १/८ इंची. बिघडलेला रिव्हेट ड्रिलने काढता येतो, पण काढताना भोक मोठे किंवा वाकडे व्हायची भीती असतेच. म्हणून पहिल्याच झटक्यात नीट बसवणाऱ्या अवजारावर पैसे घाला.

सुरुवात रिव्हेट गनपासून, म्हणजे हवेच्या दाबाने रिव्हेटवर ठोके घालणाऱ्या अवजारापासून. ३एक्स मापाची गन दोन्ही रिव्हेटना पुरते. तिचा खरा गुण ताकदीत नसून चापात असतो. विकत घेण्याआधी ती लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून चाप अगदी हळू दाबून पाहा. सुटे, मोजता येतील असे ठोके मिळाले पाहिजेत आणि दाब वाढवला तसा वेग वाढला पाहिजे. मोटार गॅरेजमधली छिन्नीची एअर हॅमर स्वस्त मिळते, पण तिचा चाप एक तर बंद नाही तर पूर्ण चालू. तिच्या भराभर पडणाऱ्या हलक्या ठोक्यांनी रिव्हेट फुगण्याआधी कडक होतो, मग नीट पसरत नाही, आणि भोवतीचा पत्राही खचतो. चांगला रिव्हेट दोन-तीन सेकंदांत, मोजक्या दमदार ठोक्यांत बसतो. गनचा सेट, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यावर टेकणारा पुढचा सुटा तुकडा, ०.४०१ इंची दांड्याचा असतो. तो धरून ठेवणारी स्प्रिंग लावल्याशिवाय चापाला बोट लावू नका, सेट गोळीसारखा सुटतो. सपाट डोक्याच्या रिव्हेटसाठी रबरी कडे असलेला, मान वळणारा सेट घ्या. तो पत्र्याशी आपोआप समतल होतो.

दुसरा क्रमांक बकिंग बारचा, म्हणजे ठोके पडताना रिव्हेटच्या मागच्या टोकाला टेकवून धरायच्या जड ठोकळ्याचा. इथे टंगस्टनचा एक ठोकळा घ्याच, किंमत पाहून मागे फिरू नका. टंगस्टनची मिश्रधातू पोलादाच्या दुपटीहून जड असते, त्यामुळे मुठीत मावणारा ठोकळा दोन-तीन पौंडांचा भरतो. बरगडी आणि पत्रा यांच्यामधल्या अरुंद जागेत पोलादी बार एक तर मावत नाही किंवा हलका पडून उडतो, आणि रिव्हेट आडवा होतो. ठोकळ्याचा तोंडाचा भाग आरशासारखा गुळगुळीत हवा आणि कडा गोल हव्यात, नाही तर शेजारच्या बरगडीवर चरे पडतात.

ठोक्यांऐवजी रिव्हेट जबड्यात दाबून बसवणारा, हाताने दाबायचा स्क्वीझर शेपटीपुरता पुरतो. पुढे पंखांना सुरुवात कराल तेव्हा हवेवर चालणारा घ्या. त्याचा जबडा दाबताना फाकता कामा नये, फाकला की रिव्हेटची मागची बाजू तिरकी बसते. जबडे दोन ठेवा, ३ इंची नेहमीचा आणि ४ इंची बिनछिद्री, जो अडचणीच्या कडेत शिरतो.

रिव्हेट नीट बसला की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. मागे तयार झालेल्या डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी. म्हणजे १/८ साठी सुमारे ४.८ आणि १.६ मिलिमीटर, ३/३२ साठी ३.६ आणि १.२. याचे गेज अगदी स्वस्त मिळते.

वाचवायचे कुठे? क्लेको (रिव्हेट बसेपर्यंत पत्रे एकत्र धरणारी स्प्रिंगची तात्पुरती खीळ), बेंच ग्राइंडर, बँड सॉ, शिकंजा हे जुनेच घ्या. क्लेको शेपटीसाठी दोनशे-अडीचशे चंदेरी (३/३२) आणि पन्नास-साठ तांब्याच्या रंगाचे (१/८) पुरतात. दोन टाकाऊ पत्रे एकेका क्लेकोने आवळून दिव्यासमोर धरा. फट दिसली तर तो परत करा.

प्रश्न : सपाट डोक्याचा रिव्हेट पत्र्याशी समतल बसावा म्हणून डिंपल डायने (साच्याच्या जोडीने) भोकांभोवती खळ्या पाडल्यावर कडे उमटते. दोन ठिकाणी तर बारीक तडा गेला. डाय बदलू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या दोन तक्रारींची मुळे वेगळी आहेत. तड्याचा दोष बहुधा डायचा नसतो. भोकाच्या कडेला ड्रिलची बर (धातूची उठलेली धारदार कड) राहिली की पत्रा ताणला जाताना तडा तिथूनच सुरू होतो. बर काढण्याचे अवजार हलक्या हाताने दोन-तीन फेरे फिरवा, त्याहून जास्त नाही. जोर लावला तर कडेची जाडी कमी होते आणि तिथूनही पत्रा फाटतो. तडा गेलेले भोक मात्र तसेच झाकू नका, मोठ्या मापाचा रिव्हेट चालेल का हे नकाशातून किंवा कंपनीकडून विचारून घ्या.

कडे उमटते ते डायमुळे किंवा ठोक्यामुळे. स्वस्त डायच्या तोंडाची कड धारदार असते. चांगल्या डायचे तोंड किंचित फुगीर असते आणि दाब सुटल्यावर पत्रा थोडा मागे उसळतो, त्याचा हिशेब त्यात धरलेला असतो. पत्र्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. खळीची कड स्पष्ट आणि भोवतालचे प्रतिबिंब सरळ असेल तर काम ठीक. खळीकडे उतार गेलेला दिसला तर ठोका कमी पडला आहे.

डाय धरणाऱ्या सी आकाराच्या फ्रेममध्ये मोठा पत्रा सगळीकडून एकाच उंचीवर टेकलेला हवा. वरची डाय हाताने खाली आणून तिचे टोक भोकात शिरल्याची खात्री झाली, की मगच हातोडा मारा. टोक चुकले तर शेजारी दुसरे भोक पडून इंग्रजी आठचा आकडा होतो, आणि तो पत्रा बहुतेक वेळा बदलावाच लागतो. हातोड्याऐवजी तरफेने दाबणारी फ्रेम परवडत असेल तर तीच घ्या. प्रत्येक खळीला दाब सारखा येतो, शिवाय रात्री शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

खळी की काउंटरसिंक (पत्रा न वाकवता भोकाची कड तिरकी कापणे)? ३/३२ च्या रिव्हेटला पत्रा ०.०३२ इंचांहून पातळ असेल तर खळीच. काउंटरसिंक करायचेच असेल तर १०० अंशांचा कटर आणि खोली अडवणारा मायक्रोस्टॉप वापरा. बाजारात सहज मिळणारा ८२ किंवा ९० अंशांचा कटर इथे निरुपयोगी आहे.

प्रश्न : गनला हवा किती द्यावी? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : ३/३२ ला साधारण ३५-४० पीएसआयपासून आणि १/८ ला ४५-५० पासून सुरू करा. आधी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर पाहा. ड्रिलला ९० लागते, म्हणून गनच्या बुडाशी वेगळा रेग्युलेटर बसवा. डोक्यावर चंद्रकोरीसारखा चरा पडला तर हवेचा दोष नाही, गन तिरकी धरली गेली किंवा सेट चुकीच्या मापाचा आहे.

प्रश्न : विद्यार्थ्यांकडून सरावाचा तुकडा करून घ्यायचा आहे. मेट्रिक ड्रिल आणि हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट (एकाच बाजूने ओढून बसवायचे) चालतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ३/३२ साठी लागणारे ४० नंबरचे ड्रिल ०.०९८ इंचांचे, म्हणजे जवळजवळ २.५ मिलिमीटरच. ते चालते. १/८ साठीचे ३० नंबरचे ०.१२८५ इंचांचे, म्हणजे ३.२६ मिलिमीटर. त्याला ३.२५ मिळाले तर घ्या. ३.२ मध्ये रिव्हेट अडकतो, कारण तो स्वतःच ३.१८ चा असतो. पॉप रिव्हेट मात्र नको. सरावालाही विमानाच्या कडक मिश्रधातूचे, एडी प्रतीचेच रिव्हेट वापरा, त्यांच्या डोक्यावर मधोमध बारीक खड्डा असतो. बिनखड्ड्याचे मऊ अॅल्युमिनियमचे रिव्हेट सहज चेपतात आणि विद्यार्थ्यांच्या हाताला खोटे वळण लागते.

प्रश्न : गाडीचा टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) विमानाला वापरू का? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : नको. एएन ३ या विमानाच्या ३/१६ इंची बोल्टच्या नटला २० ते २५ इंच-पौंड लागतात, म्हणजे जेमतेम २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. एएन ४ ला ५० ते ७०. गाडीच्या रेंचचा आकडा त्याच्या किती तरी पुढे सुरू होतो. पाव इंची चौकोनाचा, इंच-पौंडांत दाखवणारा रेंच घ्या. नायलॉनचा नट मोकळा फिरवतानाच काही जोर लागतो. तो आधी मोजून ठेवा आणि वरच्या आकड्यात मिळवा, नाही तर नट घट्ट वाटेल आणि बोल्टवर ताण आलेलाच नसेल.