केमो संपली, पण डोकं अजून जाग्यावर येत नाही

"केमो संपून चार महिने झाले. सासूबाईंना झालं तसं विसरण्याचं दुखणं मलाही लागलं का?" डिचोलीकडच्या एका पतसंस्थेत कॅश सांभाळणाऱ्या ४७ वर्षांच्या ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग बांबोळीच्या इस्पितळात केमो: आधी दर तीन आठवड्यांनी ४ डोस, नंतर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे दर आठवड्याला एक असे १२.

नोटा मोजताना खातेदाराने काही विचारलं की आकडा निसटायचा. रोजच्या ओळखीच्या बाईचं नाव ओठांवर येऊन अडायचं. चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीच्या) सामानाची यादी करायला बसल्या आणि मध्येच फोन आला, तर कुठवर लिहिलं होतं तेच कळेना.

त्यांच्या सांगण्यातच उत्तराचा बराच भाग होता. काय विसरलं, कधी विसरलं हे त्यांना स्वतःलाच नेमकं ठाऊक होतं. थोडी आठवण करून दिली की नाव लगेच यायचं. स्मृतिभ्रंशात बहुधा ते स्वतःच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं आणि वाढत जातं. केमोनंतर जास्त मार बसतो तो एकाग्रतेला आणि विचारांच्या वेगाला. लक्ष दुसरीकडे गेलं म्हणून आकडा मनात बसतच नाही, मग तो आठवणार कुठून? बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात फरक पडतो, काहींना जास्त काळ लागतो.

दोष एकट्या केमोचा नसतो. काहींना हा त्रास केमोच्या आधीच सुरू झालेला असतो. आजार, शस्त्रक्रिया, अकाली थांबलेली पाळी, थकवा, धास्ती, सगळंच त्यात मिसळतं. म्हणून आधी दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधावीत. डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासून घ्यावं. ताईंचं हिमोग्लोबिन कमी, ९.२ निघालं. शिवाय अंगाला खाज येते म्हणून त्या रोज रात्री अॅलर्जीची गुंगी आणणारी गोळी घेत होत्या. अशा गोळ्यांनी स्मरण मंदावतं, आणि हे कोणी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ती डॉक्टरांनी बदलून दिली. रात्री अंगातून गरम वाफा येऊन झोपमोड व्हायची, त्यावरही उपाय सुरू झाला. टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत उलटू नये म्हणून घ्यायची गोळी) मात्र मनाने बंद करायचं नाही, हे त्यांना दोनदा बजावलं.

बाकीचं कामाच्या जागी. हिशेब सकाळी, डोकं ताजं असताना. मोजताना मोबाइल बंद, आणि कोणी हाक मारलीच तर आधी आकडा कागदावर, मग उत्तर. चिठ्ठ्या नकोत, त्याच हरवतात. एकच वही ठेवायची. गोळ्यांना सात खणांची डबी. व्यवस्थापकांशी बोलून दोन महिने काउंटर दुसऱ्याकडे दिला.

घरी भावोजी (ताईंचे यजमान) दर संध्याकाळी "काल काय जेवलीस?" म्हणून परीक्षा घ्यायचे. प्रेमापोटीच, पण त्या धास्तीने ताई आणखी अडखळायच्या. ते थांबवलं. त्याऐवजी दोघं मिळून चालू लागले: सुरुवातीला १० मिनिटं, हळूहळू आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं. यावर ठरावीक गोळी नाही. व्यायामाचा फायदा मात्र अनेकांना होतो.

चार महिन्यांनी ताई महिनाअखेरचा ताळा पुन्हा स्वतः लावू लागल्या. नावं अजून अडतात.

दवाखान्याच्या धावपळीत केलेली छोटी स्मरणचाचणी बऱ्याचदा नॉर्मल येते. म्हणून "विसरतं" एवढंच सांगू नका. कुठलं काम अडलं ते तारखेसह लिहून न्या. वर्षभरानंतरही काम अडत असेल तर सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी मागा. पण अचानक बरळणं, एका बाजूला अशक्तपणा, फिट (आकडी), न थांबणारी डोकेदुखी किंवा केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटवर ताप, यांतलं काहीही झालं तर लगेच इस्पितळ गाठा, रात्र असली तरी.