आरटीएक्स ५०८० ला आय-९ शिवाय पर्याय नाही का?

आहे, भरपूर आहे. आय-९, म्हणजे इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर, लागत नाही, आणि दुकानदार म्हणतोय म्हणून बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं काढून नवा संच घ्यायची घाईही करू नका. तुमच्याकडे एएमडीचा रायझेन ५ ३६०० प्रोसेसर आहे, बी४५० चा मदरबोर्ड आहे, आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय आणि ‘आय-९ नसेल तर एवढं महागाचं कार्ड वाया जाईल’ असं तुम्हाला सांगितलं गेलंय. अगदी हेच वाक्य आमच्या घरात एका माणसाने इतक्या ठामपणे म्हटलं होतं की तुमचा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना.

आधी एक गोष्ट. मॉनिटर कोणता आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि अर्धं उत्तर तिथंच आहे. फ्रेममध्ये काय काय आहे, कोण कुठं पळतंय, काय कशाला धडकतंय याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि कार्डाला काम लावून देतो. पिक्सेल रंगवायचे कार्डाने. १०८०पी रिझोल्युशनला सुमारे २१ लाख पिक्सेल, फोरके ला ८३ लाख. म्हणजे कार्डाचं काम चौपट होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे फोरके वर तुमचा ३६०० सुद्धा बऱ्याच गेममध्ये निभावून नेईल, आणि १०८०पी च्या, सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या १४४ हर्ट्‌झ मॉनिटरवर तेच ५०८० काम मिळायची वाट बघत बसेल. फोरके मध्ये डीएलएसएस (लहान चित्र तयार करून मोठं करणारी कार्डाची सोय) ‘परफॉर्मन्स’ वर टाकलं तर आतून चित्र १०८०पी चंच तयार होतं, म्हणजे भार पुन्हा प्रोसेसरवर. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता आमचं सांगतो. माझं परभणीत लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं काम आहे. काकांचा मुलगा शिकायला इथंच राहायचा. दिवसा कॉलेज, संध्याकाळी ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), रात्री गेम. त्याचा पीसी म्हणजे रायझेन ५ २६००, तुमच्यासारखाच बी४५० बोर्ड आणि १६ जीबी रॅम. २०२३ मध्ये त्याने वापरलेलं आरटीएक्स ३०८० घेतलं. पैसे सोयाबीनचे होते. काकांनी मोजून दिले होते आणि ‘हे शेवटचं’ असंही सांगितलं होतं. कार्ड बसवलं, गेम लावला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं माझ्याकडे. ‘दादा, अडकायलंय. जुन्या कार्डावर चालायलं होतं त्यापेक्षा लई फरक नाही.’ चेहरा असा पडलेला की जेवलाही नव्हता.

ज्या दुकानातून तो नेहमी सामान घ्यायचा तिथं कार्ड लावून न बघताच निदान झालं: क्रिप्टो माइनिंगला वापरलेलं कार्ड आहे, गेलंय. नाहीतर मग पूर्ण नवा संच घ्या. पुण्याहून दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आयटीत आहेत, आणि घरात संगणकाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, आय-९ टाका, दुसरा विचारच नको. मी म्हणालो, दाजी, याच बोर्डात चांगला प्रोसेसर बसतो. त्यावर त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे: ‘म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घातली म्हणून तो शंकरपटात पळत नसतो. तू लग्नाच्या कॅसेटी कर, हे तुझं काम नाही.’ फोन स्पीकरवर होता. काकू ऐकत होत्या, पोरगं ऐकत होतं.

मी वाद घातला नाही, मोजून बघितलं. आफ्टरबर्नर (कार्ड-प्रोसेसर किती चालतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे आणले. कार्ड निम्म्याच्या आसपास घुटमळत होतं. रिझोल्युशन १४४०पी वरून १०८०पी केलं, मग ७२०पी. चित्र पार फुटलं, पण एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, तेवढेच. कार्ड कमी पडत असतं तर पिक्सेल कमी केल्यावर आकडा उडीच मारायला हवा होता. तो हलला नाही म्हणजे अडवणारा प्रोसेसर. कार्ड पूर्ण निर्दोष होतं.

मी तो स्क्रीनशॉट दाजींना पाठवला तर ते म्हणाले, ‘प्रोसेसर तर ४५ टक्क्यांवरच आहे, अर्धा रिकामा!’ इथंच भलेभले फसतात. २६०० ला १२ थ्रेड आहेत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या १२ वाटा. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तोच असतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. एकूण टक्केवारी बघून प्रोसेसर मोकळा आहे असं म्हणणं चूक आहे, मग म्हणणारा कितीही मोठ्या कंपनीत असो.

आणि म्हणूनच कोर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. २६०० मध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाला ८ एमबी एलथ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी. तुमच्या ३६०० मध्येही दोन गटच, फक्त कॅश १६-१६ एमबी. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असलं की वळसा पडतो, आणि कॅशमध्ये नसलेलं आणायला रॅमपर्यंत जावं लागतं. तेवढा वेळ कोर नुसता उभा. २०२० च्या ५००० मालिकेपासून आठ कोर एका गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांना मिळून, असं झालं. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्सथ्रीडी आणला, त्यात वरून आणखी कॅश चढवून ९६ एमबी केली. कोर आठच. वेग तर साध्या ५८००एक्स पेक्षा थोडा कमीच. तरी गेममध्ये तो पुढं, कारण त्याची रॅमकडची धावपळ कमी झाली. आणि तो बसतो २०१६-१७ पासून चालत आलेल्या एएम४ सॉकेटमध्येच, म्हणजे त्या ‘म्हाताऱ्या बैला’तच.

तोच मागवला. आधी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर ओळखला जाईलच असं नाही. बायोस लिहिलं जात असताना लाईट गेली तर बोर्ड मेला, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. पीसी इन्व्हर्टरवर घेतला. पंखे बंद केले, फ्रिजची पिन काढली. काकूंनी आतून विचारलं, ‘मिक्सर लावू का?’ तर पोरगं ओरडलंच, ‘काकू नाही, आई नाही, कुणीच कशाला हात लावू नका!’ स्वतःच्या आईला काकू म्हणाला, एवढा घाबरला होता. पट्टी सरकत होती आणि आम्ही दोघं घाम पुसत तिच्याकडे बघत होतो. पीसी आपोआप बंद होऊन परत सुरू झाला, बोर्डाचं चिन्ह दिसलं, तेव्हा कुठं पंखा लावला.

कूलर काढताना एक सांभाळा, तुम्हालाही हे लागेल. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून पिन काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल करा. पेस्ट सुटते तेव्हा हाताला कळतं.

निकाल काय? १४४०पी वर कार्ड नव्वदीच्या वर चालायला लागलं आणि झटके गेले. सरासरी एफपीएस वाढले ते वेगळंच, पण खरा फरक सर्वात खालच्या एक टक्का फ्रेममध्ये पडला, कारण डोळ्याला खुपतात त्या त्याच. नव्या संचाला लागले असते त्याच्या निम्म्याहून कमीत काम झालं. उरलेल्यातून चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १४४०पी चा मॉनिटर आला. दाजींनी त्याच सुमारास त्यांच्या मुलाला सगळ्यात महागाचा प्रोसेसर घालून संच घेऊन दिला, कार्ड आमच्याच तोडीचं. दिवाळीत दोन्ही पोरांनी एकच गेम, एकच सेटिंग लावून आकडे जुळवले. फरक होता, पण डोळ्याला दिसेल असा नव्हता. दाजी म्हणाले, आज चालेल, पुढच्या वर्षी काय? पुढचं वर्ष येऊन गेलं. पीसी चालूच आहे.

तर तुमचं. फोरके ६० हर्ट्‌झचा मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर आधी कार्ड तेवढं घ्या, ३६०० वरच लावा आणि वर सांगितलं तसं मोजा. १४४०पी आणि जास्त हर्ट्‌झ असेल तर प्रोसेसर बदलावाच लागेल. याच बोर्डात ५८००एक्सथ्रीडी किंवा ५७००एक्सथ्रीडी चांगल्या अवस्थेत मिळाला तर डोळे झाकून घ्या. नवे मिळणं आता जवळपास बंद झालंय, वापरलेला घेताना पिना उजेडात धरून बघा. बी४५० वर पीसीआयई ३.० (कार्ड आणि बोर्डामधल्या जोडणीची जुनी पिढी) आहे म्हणून कुणी घाबरवेल. ५०८० सोळा लेनचं कार्ड आहे, नुकसान किरकोळ आहे.

नवाच संच घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर ७८००एक्सथ्रीडी किंवा ९८००एक्सथ्रीडी, बी६५० चा बोर्ड, डीडीआर५ ६००० च्या दोन पट्ट्या. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर पैसे ६००० चे आणि वेग ४८०० चा. एसएमपीएस ८५० वॅटचा, कार्ड एकटंच ३६० वॅटपर्यंत खातं. आणि कूलरवर कंजूषी नको. खोलीत ४३ अंश असतील तर कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे पुण्या-बंगळूरच्या एसी खोलीत काढलेले तापमानाचे आकडे मराठवाड्याच्या मे महिन्यात उपयोगाचे नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. ५०८० सोबत ९८००एक्सथ्रीडी हा ५८००एक्सथ्रीडी पेक्षा १४४०पी वर बऱ्याच गेममध्ये स्पष्ट पुढं असतो, ते मी नाकारत नाही. मुद्दा तेवढ्यासाठी सगळं बदलायचं का, हा आहे. शहर वसवायचे गेम आणि फ्लाइट सिम्युलेटर फोरके वरही प्रोसेसरच खातात. ब्लेंडरमध्ये सायकल्सचं (त्यातलं चित्र तयार करणारं इंजिन) रेंडर कार्डावर चालतं, तिथं प्रोसेसरपेक्षा कार्डाची मेमरी महत्त्वाची. आणि व्हिडिओचं काम वेगळं. माझ्या स्वतःच्या मिक्सिंगच्या मशीनमध्ये इंटेलच आहे, कारण कॅमेऱ्याच्या १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेल्या) एचईव्हीसी फाइली क्विक सिंकवर, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधल्याच व्हिडिओ उलगडणाऱ्या भागावर, अलगद चालतात. ते हवं असेल तर नावात ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ते नसतं. पण ५०८० आता ही फाइल स्वतःच उलगडतं, त्यामुळे तुम्हाला तेही कारण उरलं नाही. इंटेलची १३ वी-१४ वी पिढी जुनी घेणार असाल तर व्होल्टेजच्या तक्रारींवर कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिलाय, तो असलेलं बायोस आधी टाका.

दुकानदाराला एवढंच विचारा: माझ्या मॉनिटरवर, माझ्या गेममध्ये कार्ड किती टक्के चालेल ते लावून दाखवता का? ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ (प्रोसेसर कार्डाला किती अडवतो ते सांगणारी वेबसाइट) उघडून २३ टक्के वगैरे दाखवायला लागला तर उठून या. गेम आणि रिझोल्युशन बदललं की तो आकडा बदलतो, एका जोडीचा एकच आकडा असूच शकत नाही.

मॉनिटरचं मॉडेल आणि बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव खाली लिहा. कोणतं बायोस टाकायचं ते बघून सांगतो.