समुद्राजवळच्या टेरेसवर डेक: फळी नंतर ठरवा, आधी खालचं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्सोव्याला सातव्या मजल्यावर फ्लॅटला लागून १४ बाय ११ फुटांचं उघडं टेरेस आहे, तोंड पश्चिमेला, समोर समुद्र, आणि त्यावर डेक, म्हणजे फ्रेमवर बसवलेली फळ्यांची जमीन, करायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या फ्रेमवर डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या, टाकून देतो, दहा वर्षं बघायला नको. तुमच्या मिस्टरांना सागवान हवंय, आणि संध्याकाळी तिथे सासूबाई बसणार, मुलगी खेळणार. डब्ल्यूपीसी की सागवान, काय घ्यावं हे विचारलंयत.

माझं उत्तर असं की डब्ल्यूपीसी चालेल, सागवानही चालेल, पण ती जीआयची फ्रेम अजिबात नको. आपल्याकडे समुद्राजवळ डेक खराब होतो तो वरून होत नाही, खालून होतो, आणि सगळे लोक कॅटलॉग घेऊन फळीचा रंग निवडत बसतात.

मी २२ वर्षं बोटींच्या रिपेरिंगच्या कामात होतो, त्यामुळे खारं वारं काय करतं ते रोज बघितलंय. आमच्या माहीमच्या घरी २०११ ला टेरेसवर डेक केला तेव्हा मी कामासाठी गोव्याला होतो, घरच्यांनी जो मिस्त्री मिळाला त्याच्याकडून करून घेतला, चांगल्या सागवानी फळ्या आणि खाली जीआय पाइप. चार पावसाळे झाले आणि २०१५ च्या मे महिन्यात दाराजवळची एक फळी पाय ठेवला की दबायला लागली. स्क्रू काढायला गेलो, ड्रायव्हर अर्धा फिरवला आणि स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं, चहात भिजलेल्या बिस्किटाचा कोपरा तुटतो ना तसं. फळी उचलली तर पाइप वरून ठीक दिसत होता, रंगसुद्धा शाबूत, पण खालच्या बाजूने बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे सुटून पडायला लागले आणि वेल्डिंगच्या जागी आरपार भोक. फळ्या मात्र ठणठणीत होत्या, त्याच फळ्या रंधा मारून परत वापरल्या आणि आजही त्याच आहेत.

हे असं का होतं ते सांगतो. जीआयवर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग केलं की त्या जागी तो जळून जातो, वरून सिल्व्हर रंगाचा हात मारून देतात पण तो काही जस्ताची जागा घेत नाही. पाइप कापला की कापलेल्या तोंडालाही थर नाही, तिथून आत दमट हवा शिरते. दुसरी गोष्ट बऱ्याच लोकांना उलटी वाटते. पाऊस जिथे धो धो पडतो ती जागा त्या मानाने कमी गंजते, कारण पावसाने मीठ धुऊन जातं. जी जागा झाकलेली आहे, म्हणजे डेकच्या खालची, छज्जाखालची, तिथे समुद्रावरून आलेलं मीठ साठत जातं आणि कोणी धुवत नाही. आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या डबीतलं मीठ ओलं होतं तेच तुमच्या डेकखाली चालू असतं, त्यामुळे वरून कोरडं दिसलं तरी खालचं लोखंड ओलंच.

म्हणून फ्रेमला अॅल्युमिनियमचं सेक्शन घ्या, अॅनोडाइज्ड (वर संरक्षक थर चढवलेलं) किंवा चांगलं पावडर कोटिंग केलेलं, नाहीतर सागवानाच्याच जाड रिपा. अॅल्युमिनियम थेट सिमेंटवर टेकवू नका, ओलं सिमेंट त्याला खातं, खाली रबराचे पॅड किंवा प्लास्टिकचे पेडेस्टल, म्हणजे छोटे पाये, हवेतच. आणि काहीही झालं तरी टेरेसला ड्रिल मारून फ्रेम फिक्स करू देऊ नका. एक भोक वॉटरप्रूफिंगमधून गेलं की सहाव्या मजल्यावरच्यांच्या सीलिंगला डाग येणार, मग सोसायटीची मीटिंग, मग कोणाच्या खर्चाने तोडायचं यावर वर्षभर वाद, हे मी दोन बिल्डिंगमध्ये बघितलंय. फ्रेम स्वतःच्या वजनावर बसते, चारी बाजूंनी भिंतीला हलकी अडकवली की हलत नाही.

त्याच्याही आधी एक काम. टेरेस रिकामं असतानाच आउटलेट बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना सांगून त्यांचं सीलिंग बघा. डेक टाकल्यावर गळती निघाली तर सगळं उचलावं लागतं. पाणी सोडल्यावर कुठे डबकं राहतं तेही दिसेल. ढाळ १०० ला १ तरी हवा, म्हणजे तुमच्या ११ फुटांना साधारण सव्वा इंच. आणि फ्रेमच्या रिपा ढाळाच्या दिशेने टाकायच्या, आडव्या टाकल्या तर प्रत्येक रीप छोटा बांध होते, पाणी अडतं, माती साठते, आणि त्या मातीत पिंपळ उगवतो. आमच्याकडे वर्षात २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, ते पाणी जायला मोकळी वाट पाहिजे.

आता स्क्रू. पूर्ण डेकच्या खर्चात स्क्रूचा वाटा अगदी थोडा असतो आणि नेमका तिथेच मिस्त्री वाचवतो. एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, म्हटलं की झालं असं नाही, बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ असे तीन ग्रेड सर्रास मिळतात आणि तिन्ही सारखेच चकचकीत दिसतात. ३०४ शहरात आत कुठे चालतं, समुद्रासमोर त्याला चहाच्या रंगाचे डाग पडतात आणि पुढे बारीक खड्डे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, मिठापासून तो वाचवतो, बोटींवर आम्ही ३१६ शिवाय हातात घ्यायचो नाही. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, बघा चिकटत नाही, म्हणजे एक नंबर माल. तसं नसतं, चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळतच नाही. बॉक्सवर ए४ लिहिलंय का बघा, ए४ म्हणजे ३१६ चा वर्ग आणि ए२ म्हणजे ३०४ चा. नागदेवी स्ट्रीटला, मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, मागितलं की मिळतं, बिलावर ३१६ लिहून घ्या. शंका असेल तर पाच-सहा स्क्रू एका वाटीत मिठाच्या पाण्याने भिजवायचे, बाहेर काढून वाळवायचे, परत भिजवायचे, असं पंधरा दिवस खिडकीत करा, हलक्या मालावर तोवर तपकिरी ठिपके दिसायला लागतात.

सागवानाबद्दल. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं भावनेपोटी असेल तरी बरोबर आहे. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने १८१७ मध्ये मलबारी सागवानाचं ट्रिंकोमली नावाचं जहाज बांधलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, २०० वर्षं होऊन गेली. लाकडात स्वतःचं तेल असतं, वाळवी आणि बुरशी दोन्हीला ते नको असतं. पण हे सगळं जुन्या झाडाच्या गाभ्याचं सांगतोय. आत्ता लागवडीचं कोवळं सागवान बरंच येतं, त्यात कडेचं पांढुरकं लाकूड जास्त असतं, आणि ते सागवान असूनही कुजतं. फळीची एक कड फिकट पांढरी दिसली तर ती फळी बाजूला काढायला सांगा, पॉलिश मारल्यावर ओळखता येत नाही म्हणून पॉलिशच्या आधीच बघा.

माझा सल्ला विचाराल तर चाळी आणि जुन्या बिल्डिंगी पाडताना निघालेलं बर्मा सागवान शोधा. तुळया, खांब, दारांच्या चौकटी, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, आता कितीही पाऊस खाल्ला तरी फार हलत नाही. रे रोडला चौकशी करा. कापायला देण्याआधी चुंबक फिरवा (इथे चुंबकाचा खरा उपयोग), आत जुने खिळे असतात आणि ते राहिले तर करवतही जाते आणि नंतर खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं. फळी ९०-१०० मिलिमीटर रुंद, २० च्या वर जाड, मध्ये ५ मिलिमीटर फट. काम मे महिन्यात करत असाल तर फट थोडी जास्त, कारण जुलैत फळी फुगणार. कापलेल्या टोकांना मेण किंवा सीलर लावाच, पाणी टोकातून सगळ्यात जास्त शिरतं, आणि ते बहुतेक सगळे मिस्त्री विसरतात.

तेलाचं म्हणाल तर अळशीचं तेल नको. आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते आणि मग ती घासत बसावं लागतं. बाहेरच्या लाकडासाठीचं बुरशीरोधक तेल घ्या आणि पाऊस संपून लाकूड वाळल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात लावा. पावसाच्या तोंडावर लावलं तर वाळत नाही, चिकट राहतं. किंवा तेल लावूच नका, सागवान आपोआप रुपेरी करडं होतं, मला स्वतःला तो रंग फार आवडतो, ताकदीत काही फरक पडत नाही. मात्र तारेची घासणी कधी वापरू नका, लोखंडाचा भुसा लाकडात अडकतो आणि आठवड्यात काळे ठिपके उठतात. उठले तर ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ पाण्याने जातात, हातमोजे घालून, भरपूर पाण्याने धुऊन.

डब्ल्यूपीसी वाईट नाही, वाळवी लागत नाही, मिठाचं काही वाटत नाही. पण त्यात लाकडाचा भुसा असतो आणि तो उघडा राहिला तर पाणी पितो, बुरशीचे ठिपके येतात. म्हणून बाहेरून प्लास्टिकचं पूर्ण कवच असलेली, आतून भरीव फळी घ्या. पोकळ फळी स्वस्त पडते, पण त्या पोकळीत पाणी आणि मुंग्या दोन्ही राहायला येतात. उन्हाने डब्ल्यूपीसी लांबीला वाढते, ८ फुटांची फळी सकाळ ते दुपार तीन-चार मिलिमीटर, त्यामुळे टोकाला फट ठेवली नाही तर फळ्या एकमेकांना ढकलून उचलल्या जातात. खालच्या रिपा ३०० ते ४०० मिलिमीटरवर, याहून लांब नको, नाहीतर दोन उन्हाळ्यांत झोळ पडतो. फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपसुद्धा ३१६ च्याच.

आणि रंग. हे मी कळकळीने सांगतो कारण मुलगी आहे. आमच्या शेजाऱ्यांनी गडद चॉकलेटी घेतलं होतं, मे महिन्यात दुपारी दोनला त्यांचा नातू अनवाणी बाहेर धावला आणि दोन पावलांत किंचाळत परत आला, तळवे लाल. नंतर मी स्वतः पाय ठेवून बघितला, चॉकलेटीवर तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहवेना, फिकट करड्या सॅम्पलवर दहापर्यंत राहता आलं. पश्चिमेचं टेरेस म्हणजे दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. सॅम्पलचे तुकडे मागा, एक पूर्ण दुपार टेरेसवर ठेवा आणि अनवाणी उभं राहून बघा, त्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

२० मिलिमीटरच्या पोर्सेलिन टाइल पेडेस्टलवर ठेवतात तो पर्याय पण चांगला आहे, गंजायला काही नाही, कुजायला काही नाही, टाइल उचलली की खाली साफ. वजन मात्र चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या टेरेसवर साडेसहाशे किलो. गच्चीवर वावराचा भार चौरस मीटरला १५० किलो धरायची पद्धत आहे, त्यात माणसं, कुंड्या, झोपाळा सगळं बसवायचं, म्हणून सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नका. सुट्या टाइलला वाऱ्याचंही बघावं लागतं, १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता, सातव्या मजल्यावर समुद्रासमोर ते लक्षात ठेवून कडेच्या टाइल पक्क्या करून घ्या. घ्यायचीच तर आर११ ग्रेडची, पाण्यात न घसरणारी.

बांबूच्या फळ्या आपल्या पावसात मला टिकलेल्या दिसल्या नाहीत. प्रेशर ट्रीटेड पाइन (दाबाने रसायन मुरवलेलं लाकूड) घेतलं तर त्यातलं तांब्याचं रसायन अॅल्युमिनियमला खातं, तेव्हा ती जोडी नको. कृत्रिम हिरवळ पाणी धरून ठेवते, तिच्याखाली काय चाललंय ते कधीच कळत नाही.

सासूबाईंसाठी एक. खाचा पाडलेली फळी घसरत नाही असा समज आहे, प्रत्यक्षात त्या खाचांत माती आणि शेवाळ बसतं आणि ऑगस्टमध्ये तीच फळी सगळ्यात निसरडी असते. सपाट, थोडी खरखरीत फळी घ्या. घरातली फरशी आणि डेक एकाच पातळीला येतोय का बघा, दारात अर्ध्या इंचाचा उंचवटा सुद्धा संध्याकाळच्या अंधारात अडखळायला पुरतो, पण पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याची खालची वॉटरप्रूफिंगची कड मात्र तोडू देऊ नका.

तर तुमच्या जागी मी असतो तर जुनं सागवान, अॅल्युमिनियमची फ्रेम, ३१६ चे स्क्रू. वर्षात दोन रविवार त्याला द्यायला घरात कोणी नसेल तर भरीव, कवचवाली, फिकट रंगाची डब्ल्यूपीसी, खालचं सगळं तेच. डिसेंबर ते मे महिन्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने डेक धुवा, फटींमधून खालीही पाणी जाऊ दे, म्हणजे साठलेलं मीठ निघून जाईल. काम दसऱ्यानंतर काढा.

आणि मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आउटलेटच्या वरचा दीड फुटांचा चौकोन सुटा हवा, स्क्रू न मारलेला, उचलायला बोट जाईल एवढी खाच ठेवून. जूनमध्ये रात्री अकरा वाजता पाणी तुंबलं की ड्रिल शोधत बसायला लागू नये.