जुनं वॉकिंग फूट मशीन लेदरवर टाके सोडतंय. हुक बदलायचा का? आणि हातहत्यारं कोणती घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरून बॅगा आणि पट्टे शिवता, कारखान्यातून निघालेलं जुकी डीएनयू-1541 हे वॉकिंग फूट (दोन पाय आळीपाळीने उचलून थर पुढे नेणारं) मशीन घेतलंय, दोन थर नीट शिवलं जातं पण चार थरांवर टाके सुटतात, मधेच वरचा दोरा पिंजतो आणि मेकॅनिक म्हणतो, "टायमिंग गेलंय, हुक बदला." शिवाय हातहत्यारांची यादी हवी आहे.

हुक म्हणजे सुईखाली फिरत वरचा दोरा पकडणारा भाग, टायमिंग म्हणजे सुई आणि हुक यांचा मेळ. हुक एवढ्यात बदलू नका. दोन थर व्यवस्थित शिवणाऱ्या मशीनचं टायमिंग पूर्ण गेलेलं नसतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींत बहुतेक वेळा दुखणं सुईत, दोऱ्यात नाहीतर कचऱ्यात निघतं. पण सुई बदलण्याचे पैसे कोण देणार? म्हणून हुकावर बोट ठेवलं जातं. तेव्हा क्रम ठरवून घ्या. स्वस्त गोष्टी आधी, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

सुरुवात सुईपासून. या मशीनला 135×17 जातीची सुई लागते. तिचं टोक गोल असतं, ते कापड, रेक्झिन, कॅनव्हाससाठी. तीच लांबी आणि तीच मूठ असलेली, पण कापणाऱ्या टोकाची सुई 135×16 नावाने मिळते. लेदरला ती घ्यायची. गोल टोक चामड्याचे तंतू बाजूला सारत घुसतं, जाड थरांत घासलं जातं आणि सुई वाकते. कापणारं टोक चीर पाडून जातं. पाकिटावर एलआर लिहिलेलं असेल तर टाका किंचित तिरका बसतो, दिसायला छान. एस लिहिलेलं असेल तर चीर शिलाईच्या दिशेनेच पडते, टाके सरळ रेषेत येतात, पण टाके फार जवळ घेतले तर चिरा एकमेकींना मिळतात आणि लेदर पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं. बॅगेला 3 ते 4 मि.मी.चा टाका पुरतो. बारीक टाका म्हणजे मजबूत टाका हे कापडाचं गणित चामड्याला लावू नका.

दुकानदार सुट्या सुया कागदात गुंडाळून देतो त्या घेऊ नका. ऑर्गन, ग्रोझ-बेकर्ट, श्मेट्झ यांपैकी कोणतीही चालेल, पण बंद पाकिटातली. नवी सुईसुद्धा मोबाइलच्या काचेवर आडवी ठेवून बघायची. सुईच्या टोकाखाली उजेडाची फट एकसारखी दिसली तर सरळ. बसवताना सुई पार वरपर्यंत ढकला. लांब खोबण डावीकडे आणि खाच उजवीकडे, म्हणजे हुकाच्या बाजूला. दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. खाच थोडी जरी फिरली तरी टाका सुटतो आणि बिचाऱ्या टायमिंगच्या नावाने बिल फाटतं.

आता दोरा. पिंजण्याचं उत्तर बहुधा इथेच सापडेल. बॅगेसाठी बाजारात 40 नंबर आणि 20 नंबरचा बॉन्डेड (पदर चिकटवून पक्के केलेला) नायलॉन मिळतो. या क्रमांकांत आकडा लहान तितका दोरा जाड. 40 ला 18 ची सुई पुरते, 20 ला 22 किंवा 23 लागते. 20 नंबरचा दोरा 18 च्या सुईत कसाबसा ओवला जातो, म्हणून लोकांना वाटतं चाललं. मग नेढ्यात तो प्रत्येक टाक्याला घासतो. एकच टाका बांधेपर्यंत दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून बऱ्याच वेळा पुढेमागे जातो, त्यामुळे आधी बॉन्डिंग निघतं आणि मग पदर सुटतात. तपासायचं असं: सुई मशीनमधून काढा, हातभर दोरा ओवा, दोऱ्याची दोन टोकं धरून तो साधारण 45 अंशांत ताणा. सुई गरगरत आपोआप खाली घसरली तर जोडी जमली. अडकून बसली तर सुई एक नंबर मोठी घ्या. हातशिलाईचा मेण लावलेला दोरा मशीनला घालू नका, टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांत मेण साचतं. दोऱ्याचा पीळही बघा. मशीनसाठी डाव्या पिळाचा म्हणजे झेड ट्विस्ट दोरा लागतो. उलट पिळाचा दोरा शिवता शिवता उकलतो. बॅग उन्हात राहणार असेल तर नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर जास्त टिकतो.

चार थरांवरच टाके का सुटतात? सुई खालच्या टोकाला जाऊन वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो आणि हुकाचं टोक त्या फाशात शिरतं. त्याच क्षणी लेदर सुईला चिकटून वर उचललं गेलं तर फासा तयारच होत नाही. हुक रिकामा फिरतो, टाका गेला. जाड थर सुईला घट्ट पकडतात, म्हणून हे तिथेच घडतं. उपाय दोन. वरचा दाबाचा स्क्रू थोडा आवळून पायाचा दाब वाढवा. आणि सुईखालच्या प्लेटचं भोक बघा. जुन्या मशीनवर ते झिजून रुंद झालेलं असतं. मऊ लेदर त्यात खाली दबतं आणि सुईबरोबर वर येतं. जाड थरांवर चढताना आतला आणि बाहेरचा पाय आळीपाळीने किती उचलले जातात तेही वाढवता येतं. पातळ कामाला ते परत कमी करा, नाहीतर मशीन उगाच हादरतं.

चिकटवण्याचं सोल्युशन हा दुसरा गुन्हेगार. फेविकॉल एसआर 998 लावून घाईत शिवलं की सुईवर काळी चिकट साय चढते. तिला दोरा चिकटतो, फासा सुटत नाही. सोल्युशन पुरतं सुकू द्या. शिलाईच्या रेषेवर ते लावायचंच असेल तर पातळ लावा. सुई थिनरच्या बोळ्याने पुसा, पण मोटर बंद करून आणि खिडकी उघडी ठेवून.

मग कचरा. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळ) काढा आणि बॉबिन केसवरच्या पातळ स्प्रिंगच्या पट्टीखाली बघा. तिथे लेदरची भुकटी, तेल आणि दोऱ्याचे पदर यांचा काळा लेप जमलेला असतो, नख लावलं तर खपलीसारखा निघतो. त्यामुळे पट्टी किंचित उचललेली राहते, खालचा दोरा सैल सुटतो, आणि आपण वरचं टेन्शन आवळत बसतो. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा पट्टीखालून फिरवला की झालं. पिन घालू नका, ओरखडा उठेल. टेन्शन नेहमी खालून लावायचं: आधी बॉबिन, तिचा छोटा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा, मग वरचं. वरच्या-खालच्या दोऱ्यांची गाठ लेदरच्या जाडीच्या मध्ये बसायला हवी. पातळ पाकिटात ती लपत नाही. त्याला दोरा बारीक घ्या, मशीनला दोष देऊ नका.

एवढं करूनही पिंजलं तर हुकाकडे या. मोटर बंद. हुकाच्या टोकावरून आणि कडांवरून दोऱ्याचा तुकडा सावकाश ओढा. अडकला तर तिथे बर (धातूचा खरखरीत उंचवटा) आहे. पूर्वी कधीतरी वाकलेली सुई हुकावर आपटली असणार. 1000 किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरला तेल लावून तेवढाच भाग घासा, टोक मात्र बोथट करू नका.

आता टायमिंग. नवी सुई बसवा, प्लेट काढा, हातचाक आपल्याकडे फिरवा. सुई अगदी खाली जाऊन सुमारे 2 ते 2.5 मि.मी. वर आली की हुकाचं टोक सुईच्या मध्यावर, नेढ्याच्या जरा वर दिसायला हवं. टोक आणि खाच यांत कागदाएवढीच फट. हे जमत असेल तर टायमिंग ठीक आहे, मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा. आणखी एक गोष्ट: तुमच्या मशीनवर 1541एस लिहिलंय का बघा. त्यात सेफ्टी क्लच असतो. दोरा गुंतून मशीन अडकलं की तो सुटतो. मग सुई खालीवर होते पण हुक जागेवर येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं टायमिंग गेलं. बेडवरचं बटण दाबून ठेवून हातचाक जोर लावून उलट फिरवलं की तो खटकन बसतो. हे माहीत नसल्यामुळे धडधाकट हुक भंगारात गेलेले मी पाहिलेत. मुळात दोरा गुंततो तो सुरुवातीला, म्हणून पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटात धरून ठेवायची.

तेलाबद्दल भांडणं होतात, माझं मत सरळ आहे. पांढरं शिलाई मशीनचं तेल, बाकी काही नाही. खोबरेल नको, गोडेतेल तर नकोच, ते घट्ट होऊन गोंद बनतं. डब्ल्यूडी-40 अडकलेला भाग सोडवायला चांगलं, वंगण म्हणून नाही. फवारलंत तर पुसून वर खरं तेल घाला. टाकीतली पातळी खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, बाकीच्या लाल खुणांच्या भोकांत कामाच्या दिवशी थेंब थेंब सोडा. तेल घातल्यावर आधी चिंधीवर एक लांब शिलाई मारा. बाभूळ-हिरड्यात पकवलेल्या लेदरवर तेलाचा डाग पडला की तो निघत नाही.

मोटर क्लचची असेल तर सर्वो मोटर (पायटा दाबला तरच फिरणारी) बसवा. घरच्या कामाला एवढा एकच खर्च मी बिनदिक्कत सुचवेन. क्लचवर टाका टाका मोजत शिवणं म्हणजे पायाची परीक्षा. सर्वो मंद चालते, वीज कमी खाते. सोबत छोटी पुली घ्या, वेग उतरेल आणि जोर वाढेल. फक्त एक जपा: क्लचची मोटर चालू असली की घुमते, सर्वो गप्प असते. बंद आहे समजून पायट्यावर पाय पडला आणि बोट सुईखाली असलं तर सुई थांबत नाही. ओवताना, सुई बदलताना बटण बंद. घरात मुलं असतील तर प्लगच काढा.

हातहत्यारांची यादी तुम्हाला वाटते त्याहून छोटी आहे. 2019 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली कोल्हापुरी चप्पल अस्सल पद्धतीत मशीनशिवाय, चामड्याच्या वादीने शिवली जाते, आणि तिचा कारागीर रापी (चामडं कापायचं-छिलायचं पातं), आरी (भोक पाडायचा टोचा), ठोकणी आणि दगड एवढ्यावर घर चालवतो. ऑनलाइन मिळणाऱ्या तीस नगांच्या संचातलं निम्मं मऊ लोखंड असतं. त्याऐवजी एक चांगली रापी, एक आरी, लांबी पक्की करता येईल असा टोकदार कंपास, स्टीलची पट्टी, तीन मापांचे गोल पंच आणि लाकडी मोगरी घ्या. पंचावर लोखंडी हातोडी मारली की त्याची टाळू फुलते. खाली जाड प्लास्टिकचा नाहीतर लाकडाचा ठोकळा ठेवा, फरशीवर पंच मारलात तर धार त्याच दिवशी गेली. मुंबईला येणं झालं तर धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडच्या दुकानांमागच्या गल्ल्यांत हत्यारं, बकल, दोरे सगळं हाताळून घेता येतं.

रापीवर मी जरा जास्त बोलतो, कारण मशीनच्या तक्रारी तिथूनही कमी होतात. चार थर एकावर एक आले की आपण मशीनला दामटतो. त्याऐवजी दुमडीची कड आधीच रापीने छिलून निम्मी करा. लेदर गुळगुळीत दगडावर पसरा, डाव्या हाताची बोटं पात्याच्या मागे ठेवा, रापी जवळजवळ झोपवा आणि ढकलत न्या. धार असेल तर पापुद्रा कांद्याच्या सालीइतका पातळ, अखंड निघतो. तुकडे पडले, कड ओढली गेली की समजा धार गेली. दगडावर तेल टाकून लावा, मग लेदरच्या पट्टीवर हिरवं पॉलिश चोळून पातं मागे ओढत दहा-पंधरा हात द्या. बोथट रापीला जोर लागतो, आणि जोर लावला की हात निसटतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, मशीनवर प्लास्टिक टाकू नका, आत दमट हवा कोंडते. सुती चादर टाका, सुया तेलाच्या कागदात आणि रापी पुसून ठेवा. कच्चं लेदर भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. आठवडाभर मशीन बंद राहणार असेल तर एक जुनं कातडं सुईपायाखाली ठेवून पाय खाली सोडा आणि मधूनमधून हातचाक फिरवा.

मेकॅनिकला पुन्हा बोलावलंत तर नवी 135×16 सुई लावून, चार थरांचा तुकडा त्याच्यासमोर शिवून दाखवा. शिलाईची वरची आणि खालची बाजू दोन्ही त्याला बघू द्या. तरी तो "हुक बदला" म्हणाला, तर जुना हुक तुमच्याकडेच ठेवा.