दोन लॅबमध्ये एसजीपीटी वेगळं आलं, मग चुकलं कोण?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांचं एसजीपीटी (यकृतातलं एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन; ते रक्तात मोजतात) सोमवारी ठाण्याच्या लॅबमध्ये ४६ आलं, बुधवारी वाशीच्या लॅबमध्ये ५९. दोन्हीकडे ऑटोमॅटिक मशीन, मग खरं कोणाचं? आणि डॉक्टरांनी आता लघवीतलं अमायलेज, म्हणजे पिष्ट पचवणारं एन्झाइम, कशाला सांगितलंय?

बहुतेक दोन्ही खरे. मी सतरा वर्षं बायोकेमिस्ट्रीला टेक्निशियन आहे, आधी नौपाड्यात, आता तुर्भ्याला. हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतोच.

४६ हे एन्झाइमचं वजन नाही, त्याच्या कामाचा वेग आहे. समजा तुम्ही एका पोळीभाजी केंद्राबाहेर उभे आहात. आत किती बायका पोळ्या लाटतायत ते दिसत नाही, फक्त पिठाचा डबा दिसतो. मिनिटाला डबा किती खाली जातो त्यावरून आतली माणसं ताडायची. मशीनचं तेच चालतं. थेंबभरही नसेल एवढं सिरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी, ते क्युव्हेट नावाच्या छोट्या पारदर्शक नळीत घेतं, त्यात रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, सोडतं. सिरममधलं एसजीपीटी रिएजंटमधल्या ॲलॅनिनपासून पायरुव्हेट बनवतं, ते पायरुव्हेट रिएजंटमधलंच दुसरं एन्झाइम, एलडीएच, संपवतं, आणि तेव्हा एनएडीएच नावाचं रसायन खर्च होतं. हे एनएडीएच म्हणजे आपलं पीठ. ते ३४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषतं, म्हणून जसजसं संपतं तसतसा प्रकाश जास्त पलीकडे जातो. मशीन काही सेकंदांनी वाचन घेत राहतं आणि उताराचा वेग काढतं. मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे एक युनिट. दुसऱ्या एन्झाइमच्या हातून मोजायची ही युक्ती आर्थर कार्मेन यांनी १९५५ मध्ये एसजीओटी या एसजीपीटीच्या भावंड एन्झाइमसाठी वापरली होती. आमची मशिनं आजही तेच करतात, फक्त न दमता.

वेग म्हटला की परिस्थिती आलीच. तापमान बदललं की आकडा बदलतो; आता बहुतेक सगळीकडे ३७ अंशांवर चालवतात, पण जुन्या पुस्तकांत २५ आणि ३० अंशांचेही आकडे सापडतात. दुसरं म्हणजे बी६ जीवनसत्त्वाचं एक रूप या एन्झाइमला हाताशी लागतं. काही किटमध्ये ते घातलेलं असतं, काहींत नसतं. घातलेल्यात आकडा थोडा वर येतो. त्यात माणसाचं एसजीपीटी दिवसागणिक हलतंच. म्हणून आकड्याशेजारी छापलेली रेंज त्याच लॅबची बघायची आणि पुढची तपासणी शक्यतो तिथेच करायची.

मशीनवर आंधळा विश्वास नको, हे मी नवखा असताना शिकलो. पावसाळ्यात काविळीच्या एका मुलाचं सॅम्पल आलं. सिरम हळदीसारखं पिवळं आणि एसजीपीटी ३८! शेजारी फ्लॅग, म्हणजे मशीनची धोक्याची खूण, होता, पण घाईत मी रिपोर्ट सोडणारच होतो. आमच्या मॅडमनी स्क्रीनवर रिॲक्शनचा ग्राफ उघडला. सुरुवातीलाच रेषा धाडकन खाली, मग सरळ आडवी. एन्झाइम इतकं जास्त होतं की मशीनने मोजायला घेण्याआधीच पीठ संपलं होतं, आणि रिकाम्या डब्याकडे बघून मशीन म्हणत होतं की आत कोणी कामच करत नाही. नॉर्मल सलाईन घालून सॅम्पल दहापट पातळ केलं, पुन्हा लावलं. २१४ आलं, म्हणजे खरं २,१४०. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काही घोळ मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेले असतात. रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रातून, ट्यूब काढली की वरचं सिरम कोकम सरबतासारखं दिसतं. तांबड्या पेशींत एलडीएच सिरमच्या शंभरपटीहून जास्त असतं, त्यामुळे रक्तातल्या एलडीएचची तपासणी बाद. एसजीओटीही फुगतं, एसजीपीटीला त्या मानाने कमी धक्का बसतो. लॅबने ‘पुन्हा रक्त द्या’ म्हणून फोन केला तर चिडू नका, पाट्या टाकणारी लॅब फोन करत नाही.

आता लघवीतलं अमायलेज. हे एन्झाइम लहान, त्यामुळे मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतं. स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढतं आणि लघवीतही. पण काही जणांच्या रक्तात ते अँटिबॉडीला चिकटून मोठं गाठोडं होतं. ते गाळणीतून जात नाही, म्हणून रक्तात आकडा चढलेला आणि लघवीत नेहमीएवढा किंवा कमीच. याला मॅक्रोअमायलेज म्हणतात, आणि त्यासाठी सहसा उपचार लागत नाहीत. वडिलांचं रक्तातलं अमायलेज वाढलेलं असेल तर डॉक्टर हेच वेगळं काढत असावेत, त्यांनाच विचारा.

लघवी लॅबने दिलेल्याच बाटलीत द्या. दुसऱ्या तपासणीसाठी दिलेली ॲसिडवाली बाटली घरात पडून असेल तर ती चालणार नाही, ॲसिडमध्ये अमायलेज टिकत नाही. आणि झाकण उघडं ठेवून बाटलीवर वाकून बोलत बसू नका, थुंकीत अमायलेज रग्गड असतं.