वाचक विचारतात : सुरतेतल्या इंग्रज-डच कबरी

प्रश्न : चाटी गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. माल भरायला सुरतेला जाणं होतंच. यंदा नववीतला मुलगा सोबत येतोय. महाराजांनी सुरत लुटली तेव्हाच्या इंग्रजांच्या कबरी तिथे आहेत म्हणे. खरेदी सांभाळून पाहून होतील का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आरामात होतील, दोन तास पुरे. फक्त वेळ सकाळची ठेवा. रिंग रोडवरची मार्केटं उघडायला साडेदहा-अकरा वाजतात, तोवर तुम्ही मोकळेच असता. रविवारी मात्र मुक्काम पडू देऊ नका, त्या दिवशी बहुतेक मार्केट बंद.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येत असाल तर दादरला उतरून बोरिवलीची फास्ट लोकल पकडा. सुरतेकडच्या सगळ्याच गाड्या दादरला थांबत नाहीत, बोरिवलीला बहुतेक थांबतात. या मार्गानं सुरतेत पोचायला दुपार होते, म्हणून कबरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहाव्यात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘कतारगाम दरवाजा’ एवढंच सांगा. ‘इंग्रजांच्या कबरी’ म्हणालात तर तो बुचकळ्यात पडेल. इंग्रज आणि डच ही दोन्ही कबरस्तानं त्याच भागात आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. डचांच्या शेजारीच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जमिनीलगतच्या सपाट शिळा आहेत.

बाहेरून पाहून फसू नका. घुमट, कमानी, चुन्याचा गिलावा असा सगळा थाट मकबऱ्याचा आहे, आणि दर्गा समजून पुढे निघून जाणारे पुष्कळ. बांधणारे हात इथले, घाट इथला, आत झोपलेले मात्र कंपनीचे नोकर. इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली 1613 च्या सुमारास. डच मागोमाग आले, आणि मग मेल्यावरही दोघांची चढाओढ चालूच राहिली.

आधी ऑक्झेंडन बंधूंची कबर गाठा. सुमारे 40 फूट उंच, दुमजली, जाड खांबांवर एकावर एक घुमट. धाकटा ख्रिस्तोफर 1659 साली गेला. 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता तो जॉर्ज. तोही इथेच 1669 साली वारला. ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख व्यापाऱ्यानं तरी चुकवू नये. सगळा लेख खातेवहीच्या भाषेत आहे : मृत्यूनं हिशेब मागितला, मालकांचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला, पण पानाच्या दुसऱ्या बाजूला, जमेकडे, तो लिहील की मरण हाच माझा नफा. मुलाला जमा-नावे कळत असेल तर त्याला हे नक्की समजावून सांगा.

डचांकडे व्हॅन रीडची अष्टकोनी, दुहेरी घुमटाची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवणारा अधिकारी तो हाच. 1691 साली कोचीनहून सुरतेकडे येताना जहाजावरच वारला.

पावसाळ्यात गवत वाढतं, पाय जपून टाका, बूटच घाला. वर जाणारा जिना बंद असेल तर रखवालदाराशी वाद घालू नका, गिलावा खरोखरच सुटतोय.

प्रश्न : राज्याभिषेकाला रायगडावर आलेला ऑक्झेंडन तो हाच का? – एक शिक्षिका, साखर पेठ

उत्तर : नाही. तो हेन्री. राज्याभिषेक 1674 चा, जॉर्ज त्याआधी पाच वर्षं गेलेला. आडनाव एक असल्यानं हा घोळ वारंवार होतो.

प्रश्न : अशा शिळांवरची अक्षरं फोटोत पुसटच येतात. खडू घासला तर चालेल? – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. खडूची पूड खाचांत बसते, ती काढायला घासावं लागतं आणि अक्षराची कड जाते. पाणी, तेल, कागद ठेवून पेन्सिल घासणं, सगळंच वर्ज्य. दोन्ही कबरस्तानं केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

पुसट येण्याचं कारण समोरून पडणारा उजेड. फ्लॅश बंद करा. मित्राला टॉर्च शिळेच्या कडेशी, जवळजवळ टेकवून, आडवी धरायला सांगा. खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. डावीकडून एक, वरून एक असे दोन फोटो घ्या, कारण उभ्या रेघा एका उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, हातानंच काढा.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘यू’च्या जागी बऱ्याचदा ‘व्ही’ कोरलेला असतो. तारखांचं त्याहून अवघड. तेव्हा इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी 1664 मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत 1663 ची दिसते. शिवाय सतराव्या शतकात डच कंपनीची तारीख इंग्रजांच्या दहा दिवस पुढे. दोन्हीकडच्या तारखा वहीत उतरवताना शेजारी ‘इं.’ किंवा ‘ड.’ लिहून ठेवा, आणि शिळेवर आहे तसंच लिहा. दुरुस्ती घरी येऊन करा.